आत्यांनी पाहिलेली भिंत

मी माझ्या बायकोच्या आत्याला फसवलं. रंग पाहावा तर त्यांनीच, अशी नजर साऱ्या कोलकात्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि मी फसवलं ते नेमकं रंगाच्याच बाबतीत.

बालीगंजला त्या आमच्याच इमारतीत, एक मजला वर राहतात. दर रविवारी आम्ही पाच-सहा नवशिके त्यांच्याकडे जलरंग शिकायला बसायचो. शिकायचो म्हणजे काडेपेटीएवढे चौकोन रंगवायचो. एका चौकोनात एकच रंग, तोही समोर दिसतो तोच. चार महिन्यांनी एका बँकवाल्या साहेबांनी भीतभीत विचारलं, "आत्या, आता एखादं झाड काढू?" त्या म्हणाल्या, "आधी त्याची सावली कुठल्या रंगाची ते सांगा. काळी म्हणालात तर चहा मिळणार नाही." स्वतः पक्क्या शाकाहारी, पण हिल्सा माशाच्या खवल्यांचा करडा रंग साधेना म्हणून रंगपेटी घेऊन मासळीबाजारात उभ्या राहायच्या. तिथला तिरसट मासेवाला त्यांच्यासाठी मासा उजेडाकडे धरायचा आणि मागच्या गिऱ्हाइकांना दटावायचा, "एकटू दाँडान, दीदी देखछेन." जरा थांबा, दीदी बघताहेत.

एकदा त्यांनी गृहपाठ दिला: समोरच्या इमारतीची भिंत, सात दिवस, रोज सकाळी एक चौकोन. आपल्या खिडकीतून त्याही तेच करणार होत्या. माझे सहा दिवस ऑफिसात गेले. शनिवारी दुपारी मी सातही चौकोन, दुसऱ्या दिवशीच्या रविवारचासुद्धा, एका बैठकीत, मनानेच रंगवून टाकले.

रविवारी आत्यांनी माझे सात आणि स्वतःचे सात शेजारीशेजारी मांडले. एकही जुळेना.

"बुधवारी भिंत मला जांभळट दिसली. तुम्हाला पिवळी?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी बुधवारचे दोन्ही चौकोन खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. "म्हणजे माझे डोळे गेले, जावईबापू. ज्याला रंग दिसत नाही त्याने शिकवू नये." आणि त्यांनी तिथेच वर्ग बंद केला. रंगाच्या बाबतीत कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यापेक्षा स्वतःचे डोळे गेले हे मानणं त्यांना सोपं वाटलं.

तीन दिवस मी त्यांना तोंड दाखवायचं टाळलं. चौथ्या दिवशी वर गेलो, तर त्या कुणालातरी देऊन टाकायला कुंचले जुन्या साडीच्या तुकड्यात बांधत होत्या.

"आत्या, मी एकही दिवस भिंतीकडे पाहिलं नाही. सगळे चौकोन शनिवारी बसून केले."

त्यांचे हात थांबले. "मग बुधवारी ती जांभळट होती?"

"असणारच. पण मी कसं सांगू? ती फक्त तुम्ही पाहिलीत. चुकलो, आत्या. मला माफ करा."