कंट्रोलच्या दारातलं माझं आंदोलन

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. न्याय मागायला गेलो आणि गावाच्या शिव्या खाऊन आलो, अशी माझी गत!

आमचं गाव चौसाळ्याजवळ. घरातलं पीठ संपलेलं. म्हणून सकाळीच कंट्रोलवर, म्हणजे आमच्या रेशन दुकानावर गेलो. रांग ही एवढी! माझा नंबर आला, अंगठा ठेवला. दुकानदार नाना मशीनकडं बघून म्हणाला, "तुजा माल गेला की."

"कुठं गेला?"

"कुनीतरी उचलला. मशीन सांगती."

माझं डोकंच सणकलं! अंगठा मी आत्ता ठेवतोय आणि माल आधीच गेला? "मशीनच्या पोटात गेला का? गरिबाचा गहू खातो, लाज वाटती का?"

"मला का म्हून बोलतो? मी काय केलं?"

काय केलं म्हणे! मी दारातच मांडी ठोकली. "माझा माल मिळंस्तवर कुनाच्याच पिशवीत दाना पडनार न्हाई!"

अहो, चिडू नको तर काय करू? दर महिन्याला अंगठा घासून सिद्ध करायचं की मी मीच आहे. तरी मशीन खरं आणि माणूस खोटा! आहे का नाही अन्याय?

रांगेत उभी असलेली शेजारची गयामावशी पदर खोचून माझ्या बाजूला बसली. "आज ह्याचा गेला, उद्या आपला जाईल!" बाया नानावर तुटून पडल्या. पोरांनी व्हिडिओ काढले. मला तर अंगात आल्यासारखं झालं. म्हटलं, आता तहसीलदार आल्याशिवाय उठायचंच नाही!

दुपारी वाटलं, धाकट्या भावालाही हा जुलूम कळू द्या. तो आणि भावजय ऊसतोडीला लांब कारखान्यावर गेलेले. कार्ड आमचं एकच. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"आपला माल? त्यो तर आमी हितंच उचलला की, दादा! तूच म्हनलातास, कार्ड कुठंबी चालतंय, इकत घिऊ नगा."

"आरं, तुमच्या दोघांच्या वाटनीचा म्हनलं होतं!"

"मला काय म्हाईत? अंगठा ठिवला, हितल्या दुकानदारानं सगळाच मापून दिला."

नानानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला,

"ऊठ आता. बाकीच्यांना तरी देऊ दे."

उठलो. पुढच्या बाईनं अंगठा ठेवला. मशीन नुसतंच फिरत बसलं. दिवसभर धडधाकट असलेलं सर्वर नेमकं तेव्हाच बसलं! नानानं शटर ओढलं. "उद्या या."

बाया मला काय काय बोलल्या, ते चहाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी बायकोनं माझ्या हातात परात दिली. "जावा, गयामावशीकडनं पीठ आना. मला तोंड न्हाई ऱ्हायलं."

गेलो. गयामावशीनं मला खालीवर न्याहाळलं. आत गेली, स्वतःची रिकामी परात आणली आणि माझ्या परातीवर ठेवली.

"दोनी भरून आन," म्हणाली. "माजं बी पीठ तुज्याच आंदोलनाला बसलंय."