आजीचा हेल आणि दोन रेकॉर्डर

आधीच सांगतो, असले अनुभव मी आजवर वाचायचो ते टिंगल करायला. कुणाच्या उशाशी पावलं वाजली, कुणाला विहिरीवरून हाक आली... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि शेवटी म्हणायचो, "अपचन झालं असेल." आता माझं अपचन तुम्ही वाचा. पण मला भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय.

मी संभाजीनगरात एका कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्याकडे बायका मयताला हेल काढून रडतात. म्हणजे नुसतं रडणं नाही, गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य सुरात सांगत रडणं. माहेरची बाई असेल तर ती गावाच्या वेशीपासूनच सुरू करते. हे आता कमी होत चाललंय, तेव्हा जमेल तेवढं टिपून ठेवावं असं मी डोक्यात घेतलं. त्यासाठी बाहेर कुठंही नेता येईल असा रेकॉर्डर हवा होता. आणि माझा स्वभाव असा की घरात मिक्सर घ्यायचा तरी महिनाभर लोकांचे अभिप्राय वाचतो! रेकॉर्डरनं तर माझी झोपच उडवली. माइक कसले, बॅटरी किती टिकते, वारा आला तर फडफड होते का, बारीक आवाजामागं खरखर येते का...

शेवटी क्रांती चौकाजवळच्या रफिकभाईंनाच कंटाळा आला. त्यांचं या सामानाचं छोटं दुकान आहे. त्यांनी दोन रेकॉर्डर पिशवीत घालून हातात ठेवले — एक खिशात मावणारा, एक थोराड, वर दोन माइकवाला. म्हणाले, "सर, कितना सोचते! दोनों ले जाओ, चला के देखो. कान को जो अच्छा लगे वो रखो, दुसरा वापस."

आता चालवून बघायला हेल काढणारं माणूस पाहिजे. आमच्या लायब्ररीतल्या रेखाताई म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई करतील, सर." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, कौसाबाई. राहायला पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या कडेला.

पण रेखाताईंनी मला आणखीही सांगितलं होतं. हे नीट लिहितो, कारण 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही. कौसाबाईंची लेक मंदा पैठणला दिली होती. लॉकडाउनमध्ये ती अचानक गेली. एसटी बंद, रस्ते बंद. हे लोक पोचायच्या आत तिकडं सगळं उरकलं. दहाव्याला कशीबशी परवानगी मिळाली तेव्हा कौसाबाई गेल्या, पण दारात नुसत्या उभ्या राहिल्या. डोळ्यात टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. मंदाच्या मुलीनं, पूजानं, ते पाहिलं. आई मेली तेव्हा आजी आली नाही, आणि आली तर रडलीसुद्धा नाही — हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. दोन वर्षं झाली, पोरगी पडेगावकडं फिरकली नाही, कुणाचा फोन घेतला नाही.

म्हणून कौसाबाई तयार झाल्या होत्या. माझ्या संशोधनाशी त्यांना काय देणंघेणं!

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गेलो. अंगणात बाज टाकलेली, कोंबड्या फिरत होत्या, आत रेखाताईंचा कुकर चढलेला. कौसाबाईंनी विचारलं, "मास्तर, माझ्या पूजाला पाठीवताल न्हवं? तिला ऐकू द्या एकदा. मी रडले नाय म्हणती ती."

"हो हो, पाठवतो की," मी म्हणालो. माझं सगळं लक्ष माइकवर वारा अडवणारं केसाळ टोपण बसवण्यात होतं.

छोटा रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन कानाला लावला. कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सुरू झाल्या.

"अगं माझ्या मंदे गं... तुझ्या गावच्या वाटंनं मी निघाले गं... चपला हातात घिऊन चालले गं..."

बाई पैठण रोडच्या नाक्यापर्यंत चालत गेल्या होत्या! हे मला तेव्हाच कळलं. काखेत लुगडं होतं. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते. नाक्यावरून पोलिसांनी त्यांना परत फिरवलं.

"लुगडं काखंत राहिलं गं बाई माझ्या... कुणाला नेसवू गं..."

इथं त्यांचा आवाज फाटला. दोन वर्षांचं सगळं एकदम वर आलं. आणि त्याच वेळी मला हेडफोनमध्ये मागं बारीक खरखर ऐकू आली.

मी हात वर केला. "आजी, थांबा. एक मिनिट."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी इथं सांगू शकत नाही. मी रेकॉर्डर बदलला, हेडफोनची पिन दुसऱ्यात खुपसली आणि म्हणालो, "हं, आता परत पहिल्यापासून. जरा मोठ्यानं." दोन्ही रेकॉर्डर एकदम चालू ठेवता आले असते. पण हेडफोन एकच होता, आणि मला तुलना करायची होती... एवढी साधी अक्कल गहाण पडली होती माझी.

दुसऱ्यांदा सुरुवातीलाच रस्त्यानं ट्रक गेला. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलं, पण ते पाठ केल्यासारखं. लुगड्याचं तर आलंच नाही. मग डोळे पुसून विचारलं, "झालं का मास्तर? च्या घेताल?"

मी चहाही प्यायलो.

घरी येऊन छोट्यावरचं लावलं. कोंबड्या आल्या. कुकरची शिट्टी आली. लांबवर कुणाची तरी मोटारसायकल. कौसाबाई नाहीत. मध्येच आवाज तुटलाय असं नाही — ज्या क्षणी त्या बोलत असायला हव्यात, त्या क्षणी कोंबडी शांतपणे क्लक क्लक करतेय. आणि मग स्पष्ट, अगदी कानाशी, मी: "आजी, थांबा. एक मिनिट."

मोठा लावला. त्यात ट्रक आला, मी दोनदा आलो. त्या नाहीत.

हेडफोनमध्ये मी त्यांना ऐकलं होतं. रेकॉर्डरच्या पडद्यावरची पट्टी त्यांच्या आवाजाबरोबर हलताना पाहिली होती. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंकडं गेलो. त्यांनी दोन्ही मशीन तपासली, दोन्ही फायली मोठ्या स्पीकरवर लावल्या. म्हणाले, "सर, मशीन तो दोनों ओके हैं. लेकिन इसमें औरत कौन सी? आवाज तो खाली आपकाच है."

त्यानंतर आठ दिवस मी रेखाताईंना चुकवत राहिलो. गाठ पडली की विचारायच्या, "आत्याबाई विचारतेत, पूजाला पाठवलं का?" मी सांगायचो, आवाजाची साफसफाई चालू आहे. धडधडीत खोटं. खरं सांगून कौसाबाईंना पुन्हा म्हणायला लावायची माझी हिंमत नव्हती, आणि ते पुन्हा येणार नव्हतं हे मलाही कळत होतं.

शेवटी एका दुपारी रेखाताईंकडून पूजाचा नंबर घेतला आणि छोट्या रेकॉर्डरवरची फाईल तिला पाठवून दिली. खाली लिहिलं — 'तांत्रिक बिघाडामुळे आजींचा आवाज आलेला नाही, क्षमस्व.' खरं सांगू? आपल्या अंगावरचं झटकून टाकावं म्हणूनच पाठवली.

अर्ध्या तासानं फोन आला. पलीकडं नुसते हुंदके. मला वाटलं, शिव्या घालणार.

"सर... आजी चालत निघाली हुती? नाक्यापर्यंत? मला कुणी सांगितलंच नाय."

"तुला... तुला कुणी सांगितलं हे?"

"तिनंच की. ती म्हणती, लुगडं काखंत राहिलं गं बाई माझ्या, कुणाला नेसवू गं... आन् तिथंच तुमचा आवाज येतो. सर, त्या लुगड्याचं पुढं काय झालं? तुम्ही तिला मधीच का थांबवलं?"

मी कसाबसा म्हणालो, "अगं, मागं खरखर येत होती..."

"खरखर? मी तीनदा ऐकलं. मला तर कुठंच खरखर नाय आली."

त्याच संध्याकाळी ती पडेगावला गेली. रेखाताई सांगत होत्या, दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हेल पुढं पूर्ण झाला का, लुगड्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. ते विचारायचा मला हक्क नाही.

ती फाईल माझ्याकडं अजून आहे. बायकोनं ऐकली, मित्रांनी ऐकली. सगळ्यांना कोंबड्या आणि मी, एवढंच ऐकू येतं. एक मित्र म्हणाला, रेखाताईंनीच पोरीला आधी सांगितलं असेल. असेलही... पण पोरीनं तोवर त्यांचा फोनच घेतला नव्हता, आणि ती ओळ आत कुकरपाशी असलेल्या रेखाताईंना ऐकूच गेली नव्हती. रेकॉर्डर दोन्ही परत केले. कौसाबाईंची माफी मागायला म्हणून दोनदा स्कूटर काढली, पडेगावच्या अलीकडूनच दोन्ही वेळा परत फिरलो. मला तर वाटेत कुणी अडवलंही नव्हतं.