म्हाताऱ्याची मौज

चीनमधल्या आमच्या शांतोंग प्रांतात विजेवर चालणाऱ्या त्या इवल्याशा चारचाकीला ‘म्हाताऱ्याची मौज’ म्हणतात. ना नंबरप्लेट, ना लायसन्स. शेजारच्या लुआननं ती घेतली ती बायकोसाठी. कुइश्यांगचे गुडघे गेलेले, बसची पायरी तिला चढवत नाही. पण नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं माहेरी जायचंच, अशी आमची रीत. कालव्यापलीकडे तिची नव्वदी ओलांडलेली आई त्या दिवशी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसायची.

यंदा फर्मान निघालं, या गाड्या रस्त्यावर आणायच्या नाहीत. ज्यांनी त्या राजरोस विकल्या ते मात्र नामानिराळे. मी माझी अंगणात उभी केली, आता तिच्यात कांद्याच्या जुड्या असतात. लुआन ऐकेना.

“सणात कोण अडवतंय?” तो म्हणाला. “पहिले पाच दिवस कुणी कुणाला वाकडं बोलत नाही. अपशकुन होतो.”

“पोलिसांना कसला आलाय शकुन?” मी म्हणालो.

“तू बस तुझे कांदे राखत.”

त्यानं गाडीवर ‘सुखरूप जा, सुखरूप या’ असा लाल कागद चिकटवला, कुइश्यांगच्या मांडीवर खजूर लावलेल्या वाफवलेल्या पावांची टोपली दिली आणि निघाला.

कालव्याच्या पुलावर पोलिसानं हात केला. वाकडं तोही बोलला नाही.

“आजोबा, नवं वर्ष सुखाचं जावो. गाडी जमा करावी लागेल.”

“हिला पलीकडे सोडतो, मग मलाही जमा कर.”

“आमच्या गाडीतून घरी सोडतो तुम्हाला. पलीकडे आमची हद्द नाही.”

“म्हाताऱ्या, वाद नको घालूस,” कुइश्यांग म्हणाली. “सण आहे.”

दोघं घरी परतली. भाड्याची गाडी मिळेना. कुइश्यांगच्या भाच्याकडे मोटार होती, पण त्याच्या बायकोलाही त्याच दिवशी माहेर होतं. आई ठार बहिरी, फोनवर नुसतं “निघालीस का?” विचारत राहिली. संध्याकाळी कुइश्यांगनं ते पाव आम्हाला वाढले.

चौथ्या दिवशी सकाळी आई गेली. तासाभरात भाच्याची लांबलचक मोटार दारात उभी राहिली. त्यानं मावशीला उचलून आत बसवलं, पायांवर रजई घातली.

“हीच परवा हवी होती रे,” ती म्हणाली.

पुलावर त्यांना कुणी अडवलं नाही.