डावीकडचा बाण

रविवार, १५ जून २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. खोपटच्या एस.टी. आगारामागे माझा इंग्रजीचा क्लास होता. तिथल्या बाकावर बसून मी बारा सराव-परीक्षांमधल्या चुका वहीत मांडल्या.

परदेशातल्या विद्यापीठाने रोबोटिक्सची जागा सशर्त दिली होती: इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक विभागात किमान साडेसहा. पहिल्या प्रयत्नात ऐकण्याच्या विभागात मला सहाच मिळाले. जुलैअखेर ते सुधारले नाहीत, तर जागा जाणार होती.

वहीतला निष्कर्ष अनपेक्षित निघाला. व्याख्याने, अवघड शब्द, परके उच्चार यांत मी क्वचितच चुकत होते. चुकत होते आकडे. ‘ट्वेन्टी-सेव्हन’ ऐकले की डोक्यात सत्तावीस उमटे आणि हात आधी सात लिही. कागदावर सातच्या डावीकडे दोन बसवता येतो. लहानपणापासून मी तसेच लिहीत आले. परीक्षेच्या संगणकावर मात्र त्याचे बहात्तर होई.

शिकवणाऱ्या मॅडमना वही दाखवली.

“अगं, रोबोट बनवणार तू, आणि आकडे उलटे?” त्या हसल्या. “आधी मराठीत विचार करणं बंद कर.”

“ते नाही करणार, मॅडम.”

“मग राहा डोंबिवलीतच!”

माझे बाबा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. सूक्ष्म मापे घ्यायला त्यांनीच शिकवले, मराठी आकड्यांत. त्याच आकड्यांच्या बळावर मी कॉलेजात यांत्रिक हाताचे सहाही सांधे अचूक फिरवले होते. असा हात चुकीच्या क्रमाने फिरला, तर आम्ही तो मोडीत काढत नाही. एक आज्ञा वाढवतो.

मी एक आज्ञा वाढवली. सात, कीबोर्डवरचा डावीकडचा बाण, दोन: पडद्यावर सत्तावीस.

महिनाभर रोज दोनशे आकडे. जेवतानाही कीबोर्ड ताटाशेजारी असे.

“सिक्स्टी-एट!” बाबा ओरडत.

“अडुसष्ट. झालं.”

“झालं काय? आमटी बघ कुठे चाललीय!”

दुसऱ्या प्रयत्नाचा निकाल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. मॅडमना फोन केला.

“सोडलंस ना शेवटी मराठीत मोजणं?”

“नाही, मॅडम. आणि जागा पक्की झाली.”

ऐकण्याचे गुण वहीत नोंदवताना मी उच्चाराचाच क्रम पाळला: आधी साडे, मग त्याच्या डावीकडे सात. ७.५