ड्रेसरमामांचं नाक

ड्रेसरमामा कुणाच्याही घरी आले की आधी उंबऱ्यावर थांबायचे, नाक वर करून दोनदा हुंगायचे आणि मगच चपला काढायचे. नव्या सुना ओशाळायच्या. जुन्या बायका म्हणायच्या, होऊ द्या मामांचा पंचनामा. ढोरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या, म्हणून ड्रेसर. निवृत्त झाले तरी बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना दुसरं नाव मिळालं नाही.

"ढोर बोलत नाही, त्याचा वास बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र टिंक्चर आयोडीन आणि तंबाखूचा असा वास घेऊन हिंडायचे, की मामा येताहेत हे वळणावरच कळायचं. मी तसं त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, बरंच आहे, चहा मांडायला तुम्हाला वेळ मिळतो.

एका वर्षी महालक्ष्म्यांच्या तोंडावर आमचा भुऱ्या बोका सोफ्यामागे थेंब थेंब लघवी करू लागला. रोज पुसलं तरी वास जाईना. पन्नास पानं उठायची होती, त्यात नणंदेची सासरची माणसं. मी बाजारातून सुवासाची दोन यंत्रं आणली, विजेच्या प्लगात खोचायची. एक लावलं सोफ्यामागे, जिथे भुऱ्या निजायचा. शिवाय वरून फवारा. सकाळी सासूबाई खोकून हैराण, आणि भुऱ्या लाळ गाळत बसलेला. मला पुरणापुढे कुणाकडे बघायला सवड नव्हती.

दुपारी मामा जेवायला आले. उंबऱ्यावर तीनदा हुंगलं. चपला पायातच.

"महालक्ष्म्या बसल्या अन् घरात पुरणाचा वास नाही. काय लपवून राह्यली वं तू?"

पाहुण्यांदेखत आत शिरून त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, दोन्ही प्लग उपटले आणि स्वच्छ धोतरानिशी सोफ्यामागे गुडघे टेकले. मी शरमेने अर्धी झाले. ते म्हणाले, हा फवारा केसांवर बसतो, मांजर अंग चाटतं, म्हणजे सगळा पोटात. म्हाताऱ्या छातीलाही तो सोसत नाही. मग त्यांनी भुऱ्याचं पोट दाबलं. तो कळवळला.

"लघवी अडली त्याची. आठ दिवसांपासून तुले हेच सांगून राह्यला तो. तू त्याच्या बोलण्यावर अत्तर मारलं."

भरलं पान सोडून ते भुऱ्याला टोपलीत घालून निघाले. सुट्टीचा दिवस, पण डॉक्टरांना घरातून उठवून दवाखान्यात आणलं. दिवेलागणीला दोघं परतले. नळी घालून लघवी मोकळी केली होती. रात्र काढली असती तर बोका गेलाच असता. मामांनी थंड पुरणपोळी खाल्ली आणि फी म्हणून दोनदा तूप मागून घेतलं. वाढताना मला रडू आवरेना. ते म्हणाले, तूप पुरे, मीठ नको पाडू त्यात.

तेव्हापासून आमच्या घरात सुवासाचं यंत्र आलं नाही. कुठे काही वास आला की मी आधी गुडघे टेकते.

मामा गेल्या वर्षी गेले. तेराव्याला त्यांच्या सुनेने त्यांची पट्ट्यांची जुनी पिशवी माझ्या हातात दिली. तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं, म्हणाली. ती मी कपाटात ठेवली आहे. कपाट उघडलं की म्हातारा भुऱ्या डुलत येतो आणि पिशवीला नाक लावून बसतो. वास कोंडू नये, खिडकी उघडावी, ही मामांची शिकवण मी घरभर पाळते. पिशवीची चेन मात्र घट्ट लावून ठेवते.