दहावा मिक्सर

गेल्या रविवारी सकाळी नंदाखालला गेले होते... दहावा मिक्सर आणायला.

हो, दहावा. फुलपाड्याच्या आमच्या वन बीएचकेमध्ये आई, मी आणि एकतीस जुन्या वस्तू राहतो. मिक्सर, पंपाचे स्टो, वातीचे स्टो, ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन, हाताने फिरवायचं रसाचं यंत्र. हॉलमधला दिवाण गेल्या वर्षी काढला, तिथे रॅक आलं.

सगळ्यांना सांगायचे, हे कादंबरीसाठी आहे. एक वस्तू म्हणजे एक प्रकरण, वाचकाने कुठलंही बटण दाबून सुरुवात करावी, वगैरे... वस्तू एकतीस झाल्या. प्रकरणं दोनच.

सुलभा मावशींचा नंबर एका ग्रुपवर मिळाला होता. सत्तरीच्या असतील, घरामागे केळीची वाडी. मिक्सर क्रीम रंगाचा, चांगला जड, काचेच्या भांड्याचा. वर जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर. ते बघून मी मिक्सरच्या आधी कव्हरच हातात घेतलं, खरंच.

"भंगारवाला दोनदा येऊन गेला, त्याला नाय दिला," मावशी म्हणाल्या. "तू रोज वापरशील ना, बाय?"

"हो मावशी, रोज."

किती सहज म्हणाले मी...

निघताना त्या काचेचं भांडं घेऊन आत गेल्या आणि ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यांनी भरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "भांडं कुणाला रिकामं देऊ नये. घरी गेल्यावर पहिलं हेच वाट."

रिक्षात मिक्सर मांडीवर आणि भांडं पोटाशी धरून बसले होते. डोक्यात एकच विचार... त्या कव्हरचा फोटो कुठल्या उजेडात काढायचा.

घरी येऊन प्लग लावला. नुसता हूंऽऽ असा आवाज आला, मग जळका वास, मग काहीच नाही. मला फार वाईटही वाटलं नाही. रॅकवरच्या नऊपैकी एकही धड चालत नाही. चालणं हा मुद्दा कधी नव्हताच.

पण या वेळी भांड्यात खोबरं होतं.

आईने ते माझ्या हातातून घेतलं, तुकडे डब्यात काढले, झाकण लावलं आणि चपला घातल्या.

"कुठे चाललीस?"

"कदम काकूंकडे. वाटून आणते."

"अगं, आपला मिक्सर..."

आईने डबा उचलून दाराची कडी काढली. आणि मला आठवलं.

माझा तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, ज्यात रॅकवरचा सगळ्यात जुना मिक्सर अकरा सेकंद फिरतो. हार्ट दिलेत, रडल्याचे इमोजी दिलेत. त्या अकरा सेकंदांसाठी मी आईच्या रोजच्या मिक्सरमधले कार्बन, म्हणजे ज्यांच्याशिवाय मोटर फिरत नाही ते दोन छोटे तुकडे, काढून त्यात बसवले होते. आईला म्हटलं होतं, दोन दिवसांत परत लावते. त्याला तीन आठवडे झाले होते.

दुकानातून नवे कार्बन आणायला दहा मिनिटं लागली असती. मला वेळ नव्हता. नंदाखालला जायला मात्र होता.

मी आईच्या मागोमाग एक मजला खाली गेले. काकूंनी दार उघडलं. "अरे वा! आज शोरूमच्या मालकीणबाई स्वतः?"

मी हसले. मग आईकडे बघितलं... आणि हसू गेलं. ती न विचारता आत गेली, ओट्याखालून मिक्सरचं भांडं काढलं, प्लग लावला. खिडकीपाशी खिळ्याला एक फडकं लटकत होतं, त्याने पातं पुसलं. ते फडकं माझ्या फाटलेल्या कुर्त्याचं होतं. आईचं फडकं, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, त्याच्या ठरलेल्या खिळ्याला.

वाटण झाल्यावर तिने त्यातलं दोन चमचे काकूंच्या वाटीत काढून ठेवलं. "बघ, रोज असंच," काकू म्हणाल्या. "माझं भांडं रिकामं म्हणून ठेवत नाही कधी."

मग आई हात धुवायला वळली तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "मी एकदा विचारलं हिला, घरात एवढे मिक्सर, मग तू इथे का? तर म्हणते, ते तिच्या लिहिण्याचे आहेत, त्यांना मी हात लावत नाही."

लिहिण्याचे...

मला तिथे उभं राहवेना. घरी आले, रॅकवरून तो अकरा सेकंदवाला मिक्सर खाली घेतला आणि स्क्रू उघडले. कार्बन काढून आईच्या मिक्सरमध्ये लावले. एक स्प्रिंग दोनदा उडाली, दोन्ही वेळा फरशीवर आडवी पडून शोधली.

आई डबा घेऊन वर आली तेव्हा मिक्सर ओट्यावर होता, त्याच्या जुन्या जागी. तिने बटण फिरवलं. रिकामाच, पण तो दणदणीत आवाज आला. तिने लगेच बंद केला.

"बरं झालं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "फडकं आणायला हवं खालून."

सोमवारी सुलभा मावशींना फोन करून खरं सांगितलं. की मिक्सर चालत नाही, आणि रोज वापरेन म्हटलं ते खोटं होतं. त्या म्हणाल्या, "मग नीट कर, आणि वापर."

आता तो दुरुस्तीला दिलाय. तो येईल आमच्याच ओट्यावर. बाकीचेही एकेक करून नीट करून घेणार आहे आणि देऊन टाकणार आहे. एक पंपाचा स्टो आणि दोन गोल ओव्हन आजच तयार आहेत, हवे असतील त्यांनी मेसेज करा. घरी येऊन न्यायचे. आत काहीतरी घालूनच देईन.

मी फक्त एकच विचारणार आहे... रोज वापराल ना? आणि 'हो' म्हणायच्या आधी, प्लीज, जरा थांबा.