धोंड्याचा दिवा आणि पाचवा सेट

टेनिसमध्ये गेली वीस वर्षं मी ज्याच्या मागे आहे, त्याने एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. डावखुरा, गुडघ्याला कायम पट्टी, आणि चेहरा, कुणी चौथ्यांदा दाखला मागायला आलं की आमच्या शाळेच्या कारकुनाचा होतो तसा. बारावीच्या क्लाससाठी मी लातूरला खोली करून राहत होतो, तेव्हा घरमालकाच्या टीव्हीवर तो पहिल्यांदा दिसला. दोन सेट पुढे असून हरला. त्याच आठवड्यात क्लासच्या परीक्षेत माझा शेवटून तिसरा नंबर आला होता. हा आपला माणूस, असं मला तिथंच वाटलं आणि मी अडकलो तो अडकलोच. जिंकणाऱ्याला सोडून देता येतं, त्याला बाकीचे पुष्कळ असतात. हरणाऱ्याला सोडायचं तर आपणच बेइमान ठरतो.

माझ्याखेरीज त्याचा एकच चाहता मला ठाऊक आहे. लातूरच्या खोलीतला माझा जोडीदार. आता तो तिथंच औषधांचं दुकान चालवतो. आमच्यात ठरलेलं आहे: आपला माणूस जिंकला की तो फोन करतो आणि मी उचलेपर्यंत करतच राहतो. हरला की एकच मेसेज, 'गेला'. त्यावर पुढे कुणी काही बोलत नाही.

यंदा पॅरिसच्या लाल मातीवर आपलं हे शेवटचं वर्ष, असं त्याने जाहीर केलं आणि पठ्ठ्या चक्क चौथ्या फेरीत पोचला. सामना रविवारी दुपारी. आणि त्याच रविवारी लोह्याच्या पुढे, माझ्या सासुरवाडीला, माझं धोंड्याचं जेवण. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तारीख पुढे ढकलता येईल का, असं मी बायकोला हळूच विचारून पाहिलं.

"मागल्या खेपेला तुमची बैठक निघाली होती," ती म्हणाली. "यंदा काय निघालंय?"

मागच्या धोंड्याला मी जेवण उरकून, शाळेची तातडीची बैठक आहे असं सांगून चार वाजताच नांदेडला घरी परतलो होतो. बैठक कसली, संध्याकाळी माझ्या माणसाचा सामना होता. तो हरलाच. वाण मागाहून मेव्हण्याने आणून दिलं होतं, म्हणून मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

सासुरवाडीला जावयाचा मान असतो म्हणतात. मान कसला, नजरकैद असते. कपाळाला गंध, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, आणि ज्या पलंगावर घरातलं कुणी बसत नाही त्यावर मी एकटा. समोर खुर्च्यांवर भावकीतली पाच-सहा माणसं माझ्याकडे बघत बसलेली. जरा उठलो की तिघं एकदम विचारायचे, "काय पाह्यजे पाव्हणं?" टीव्हीवर टेनिसचं चॅनेल नाही. फोनवर सामना दिसेल एवढी रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ; खाली फोन आणि मेसेज तेवढे यायचे. आणि जावई उगाच गच्चीवर कशाला जाईल?

तीन वाजता मी चौथा धोंडा खात होतो आणि तिकडे सामना सुरू झाला होता. सासऱ्यांनी वाटीभर तूप वरून ओतलं. "घ्या की वो, लाजून राहिले का?" मी हात आडवा धरला, तर तूप हातावर. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं. या माणसाचं शेवटचं टेनिस चालू आहे आणि मी मांडी घालून पुरण गिळतो आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, सगळे प्रेमानेच करत होते, म्हणून तर सुटायला वाटच नव्हती.

साडेपाचला मंडळी चहाला पांगली तेव्हा मी "जरा हवा खाऊन येतो" म्हणून जिना चढलो. टाकीला चिकटून उभा राहिलो तेव्हा कुठे चित्र आलं. दोन-दोन सेट झालेले. पाचवा सुरू. माझा माणूस पाय ओढत खेळत होता, पण हटत नव्हता. चित्र अडकायचं, चेंडू हवेतच राहायचा, आणि सुटलं की गुण कुणाचा तरी झालेला असायचा. टेनिसला घड्याळ नसतं हेच त्याचं वाईट आहे. संपेपर्यंत संपत नाही. चार-चार झालं. पाच-पाच झालं. ऊन उतरलं, तरी मी तिथंच.

मागे चपला वाजल्या. सासरे होते.

"पाव्हणं, दिवा लावलाय खाली. वाणाला या."

"आलोच मामा. पाच मिनिटं."

ते गेले नाहीत. शेजारी येऊन वाकून फोनमध्ये बघू लागले.

"ह्योच का, पोरगी सांगती त्यो डाव्या हाताचा तुमचा?"

"हो."

"हारून राहिला?"

"अजून नाही."

मग त्यांनी विचारलं, "मागल्या टायमाला बी ह्योच होता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण फोन माझ्या हातात, आणि मामा शेजारी. मी मान हलवली.

"बैठक न्हवती मंग." ते चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "तुम्हाला ठावं नसंल. आमच्यात वाणाचा दिवा दिवेलागणीला लावतेत, आन् लावला की जावयाच्या हातात देतेत. फुकत न्हाईत. तुम्ही रस्त्यातून माघारी येताल म्हनून तुमची मामी दहा वाजेस्तोर तेल घालत बसली. मंग आपोआपच इझला. लई रडली त्या रात्री."

तीन वर्षं सासूबाई माझ्याशी पदर सावरून तशाच बोलत होत्या, विचारपूस करत होत्या, लोणचं पाठवत होत्या. एका शब्दाने त्यांनी मला कळू दिलं नव्हतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

फोनवर सहा-पाच झालं होतं, त्याच्याविरुद्ध. त्याचीच सर्व्हिस. मी फोन खिशात टाकला आणि खाली उतरलो.

देवापुढे मला आणि बायकोला पाटावर बसवलं. सासूबाईंनी पितळेचं ताट माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं. तेहतीस अनारसे आणि मधोमध तो दिवा. "नीट धरा, वारं हाय," त्या म्हणाल्या. मी ताट छातीशी धरलं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. हात मोकळे नव्हते. फोन असेल तर तो थरथरतच राहील, म्हणून मी वाट बघत राहिलो.

तो एकदाच थरथरला.

माझे डोळे भरून आले, लपवायलाही हात नव्हता. सासूबाईंनी पाहिलं. "कामून वो? धूर लागला का?"

हो म्हणालो असतो तर भागलं असतं.

"नाही मामी," मी म्हणालो. "माझा माणूस हरला. मागच्या वेळी ज्याच्यासाठी पळालो होतो तोच. आज त्याचं शेवटचं होतं."

त्यांनी दिव्यात आणखी थोडं तेल घातलं.

"मंग आता कुठं जायची घाई हाय?" त्या म्हणाल्या. "बसा."